बगळ्याचे ध्यान

(मंडळाच्या मंगळवारच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे वाढवून लिहिले आहे.)



चैत्रातल्या हळदीकुंकवाला चिटणीसबाईंनी मला गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही ध्यानाला बसता असे ऐकते. वर्धापनदिनाआधीच्या सभेत चार शब्द सांगा." मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण मराठी सातवी. व्यासपीठावर मी आजवर चढले ती फक्त खुर्च्या मांडायला. पण त्या म्हणाल्या, "विद्वानांची भाषणे आपण दरवर्षी ऐकतो, यंदा आपल्यातल्याच एकीचे ऐकू." तेव्हा पापड लाटताना मी जशी बोलते तशीच आज बोलणार आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

पहिल्यांदाच सांगते की मी काही साधक नव्हे, नवशिकीच आहे. आणि मी ध्यानाकडे वळले ते देवासाठी नाही, मोक्षासाठी तर मुळीच नाही. मला झोप येत नव्हती म्हणून वळले.

झोप का येत नव्हती ते सांगितल्याशिवाय पुढची हकीकत कळणार नाही. सांगताना आजही जीभ अडते. पण आमच्या चाळीतल्या पुष्कळजणींनी ते कानांनी ऐकलेलेच आहे, मग लपवू कशाला? २०१८ साली आमचा थोरला बारावीला नापास झाला. निकालाच्या दिवशी यांची दुसरी पाळी होती, घरात मी आणि सासूबाई. तो दारात आला आणि मी त्याला उंबऱ्यातच धरले. गॅलरीत चारचौघी उभ्या होत्या. मी म्हटले, "तुझ्याऐवजी दगड जन्माला आला असता तर पायरीला तरी लागला असता." तो काही बोलला नाही. चपला पायात घातल्या आणि निघून गेला. तीन रात्री घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी कळले की खोपोलीला एका मित्राच्या ओळखीने हॉटेलात कपबश्या विसळतो आहे. हे जाऊन त्याला घेऊन आले. आला, पण माझ्याशी बोलेना. ताट वाढले की जेवायचा, ताट उचलायचा, घासायचासुद्धा, पण "आई" म्हणून हाक नाही.

तेव्हापासून रात्री माझा डोळा लागेना. आमचे घर अंबरनाथला, रुळांच्या अंगाला. कर्जतची शेवटची गाडी गेली की मी कूस बदलायची, पहाटेची पहिली गाडी आली की उठायची. मधल्या वेळात छाती धडधडायची. दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि म्हणाले, हृदयाला काही झालेले नाही, विचार कमी करा. आता विचार कमी करा म्हणजे काय करा? मीठ कमी करा म्हटले तर मी करू शकते.

तुम्हांपैकी काहीजणींना ठाऊक आहे की मी उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून जीन्स पँटींचे दोरे कापायचे काम घरी आणते. १९४९ साली जुन्या लष्करी छावणीच्या जागी निर्वासितांसाठी ते नगर वसले, तेव्हापासून सिंधी मंडळींनी मातीतून धंदे उभे केले. जीन्सचा हा त्यांतलाच एक. मला काम देणाऱ्या बाईंना आम्ही सगळ्या भाभी म्हणतो. गठ्ठा मोजून घेताना माझे हात थरथरताना त्यांनी पाहिले. चहा पाजला आणि सगळे काढून घेतले माझ्याकडून. मग म्हणाल्या, "इगतपुरीला जा. दहा दिवस. पैसे लागत नाहीत." मला वाटले चेष्टा करतात. दहा दिवस घर सोडून, आणि पैसे न देता, कोण जेवायला घालणार?

घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, "संसारी बाईला कसले आले ध्यान? बगळा बसतो तसे बसायचे आणि मासा दिसला की चोच मारायची!" हे काही बोलले नाहीत. धाकटी मात्र, तेव्हा सहावीत होती, पटकन म्हणाली, "आई, आम्हांला शाळेत शिकवतात. डोळे मिटायचे आणि नाकाखाली लक्ष ठेवायचे. श्वास आत जातो, बाहेर येतो, तेवढेच बघायचे." सरकारी शाळांतून 'मित्र उपक्रम' म्हणून आनापान शिकवतात, दहा मिनिटांचे; ते तिला येत होते. म्हणजे माझी पहिली गुरू माझीच सहावीतली लेक. त्या रात्री अंथरुणात मी करून पाहिले. दोन श्वास झाले आणि उद्या डाळ भिजत घालायची राहिली हे आठवले. उठून डाळ भिजत घातली. असा माझ्या ध्यानाचा शुभारंभ!

तरी मनाने घेतले. अर्ज मोबाईलवरून करावा लागतो, तो धाकटीने भरला. २०१९ च्या फेब्रुवारीत माझा नंबर लागला. अंबरनाथहून इगतपुरीला जायचे तर आधी उलटे कल्याणला यावे, तिथून कसाऱ्याची गाडी पकडावी, आणि कसाऱ्याहून जीपने घाट चढावा. हे पोचवायला आले होते. फाटकात त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली तेव्हा लग्नानंतर पहिल्यांदा मला वाटले की मी कुठेतरी एकटी निघाले आहे.

तिथल्या जागेचे नाव धम्मगिरी. १९७६ सालापासून तिथे शिबिरे भरतात. नाव नोंदले, मोबाईल जमा केला. माझी जपमाळही ठेवून घेतली. ते मला जड गेले. माझे माहेर वारकऱ्यांचे, हरिपाठ चुकलेला दिवस मला आठवत नाही. त्यांचे म्हणणे असे, की दहा दिवस ही एकच रीत नीट करून बघा, तिच्यात दुसरे काही मिसळू नका. नंतर तुमचे तुम्ही ठरवा. मी मनात म्हटले, विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे, दहा दिवस माझी वाट बघेल.

तिथला दिवस असा. पहाटे चारला घंटा. साडेचारला ध्यानाला बसायचे ते साडेसहापर्यंत. मग न्याहारी. पुन्हा बसायचे, अकराला जेवण, बाराला विश्रांती, त्या वेळात आचार्यांना काही विचारायचे असेल तर विचारता येते. दुपारी एकपासून पाचपर्यंत पुन्हा बैठका. पाचला चहा, चुरमुरे आणि एखादे फळ. रात्रीचे जेवण नाही. सहाला पुन्हा बैठक, सातला प्रवचन, नऊ-साडेनऊला निजानीज. दिवसाकाठी दहा तासांहून अधिक बसणे होते. बायका व पुरुष सर्वस्वी वेगळे. आणि दहाव्या दिवसापर्यंत मौन. शेजारणीकडे पाहून हसायचेसुद्धा नाही. तुम्ही हसाल, पण मौनाचा मला मुळीच त्रास झाला नाही. उलट कोणी "भाजीला काय करू?" असे विचारत नाही हेच सुख पहिले दोन दिवस मी भोगत होते.

प्रवचने गोएंका गुरुजींची. ते २०१३ साली वारले, त्यामुळे आता चित्रफितीवरच ऐकायची. त्यांची स्वतःची गोष्ट मला फार लागली. ब्रह्मदेशात मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले मारवाडी घरचे व्यापारी. अर्धशिशी इतकी, की मॉर्फिनची सुई घ्यावी लागे. देशोदेशीचे डॉक्टर झाले. शेवटी १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन कोणी भिक्षू नव्हेत, सरकारी हिशेबखात्यातले मोठे अधिकारी, बायकोमुलांचे गृहस्थ. त्यांनी सांगितले, डोकेदुखी घालवण्यासाठी येत असाल तर येऊ नका. मन निर्मळ करण्यासाठी या, डोकेदुखीचे व्हायचे ते होईल. हे ऐकले आणि मी चपापले, कारण मीही झोपेचे औषध आणावे तशीच आले होते. १९६९ साली ते भारतात आले ते आईच्या आजारपणासाठी, आणि त्या जुलैत मुंबईला जे पहिले शिबिर झाले त्यात त्यांचे आईवडीलही बसले होते. मुलाने आईला शिकवले! माझ्या घरी मुलगा आईशी बोलत नव्हता. त्या रात्री मी पदर तोंडात धरून रडले, मौन मोडू नये म्हणून.

आता प्रत्यक्ष काय करतात ते सांगते, कारण चिटणीसबाईंना तेच हवे होते. पहिले तीन दिवस फक्त श्वास. ताठ बसावे, पण ताठरून नव्हे. मांडी जमेल तशी. न जमल्यास खुर्ची मागता येते, त्यात कमीपणा नाही. डोळे आणि तोंड मिटलेले. श्वास ओढायचा नाही, रोखायचा नाही, मोजायचा नाही, त्याला नामही जोडायचे नाही. हा प्राणायाम नव्हे. जो आपोआप चालला आहे तो नाकपुड्यांच्या आत आणि वरच्या ओठाच्या वर कुठे लागतो, ऊन की गार, तेवढे पाहायचे. मन पळणारच. पळाले हे ध्यानात आले की रागे न भरता परत आणायचे. आपण रांगत्या पोराला चुलीपासून उचलून आणतो ना, शंभरदा, तसे. भगिनींनो, पोराला मी शंभरदा आणले असेन, पण मनाला आणताना दहाव्या वेळीच मी चिडत असे. आणि चिडणे म्हणजे पुन्हा पळणेच.

झोप यायची ती तर विचारू नका! घरी रात्र रात्र डोळा लागत नव्हता आणि तिथे पहाटेच्या बैठकीत मी पुढच्या बाईच्या पाठीवर जाऊन आदळायची. गुडघे भाजल्यासारखे दुखत. एका बैठकीत तर मी सबंध तास पँटींच्या दोऱ्यांचा हिशेब केला आणि भाभींकडे माझे काही येणे राहिले आहे असा निष्कर्ष काढला. (घरी आल्यावर वही पाहिली, खरेच राहिले होते.)

चौथ्या दिवशी विपश्यना देतात. मग लक्ष ओठावर न ठेवता डोक्यापासून पायापर्यंत अंगभर फिरवायचे. जिथे जे होते आहे, खाज, कळ, मुंग्या, काहीच नाही, ते पाहायचे आणि त्यावर उठून काही करायचे नाही. बरे वाटले तर हवेसे म्हणायचे नाही, दुखले तर नकोसे म्हणायचे नाही. दोन्ही येते आणि जाते. दिवसातून तीनदा एकेक तास हात, पाय, डोळे न हलवता बसायचे, त्याला अधिष्ठान म्हणतात. हे सगळे मी सांगते आहे ते वरवरचे. ऐकून किंवा वाचून हे घरी करू नये, तिथे जाऊनच शिकावे. श्वासाचे तेवढे घरी करायला हरकत नाही.

सहाव्या दिवशी मात्र माझी हद्द झाली. छाती धडधडायला लागली, तळहात भिजले, आणि माझाच आवाज कानांत आला, तो दगडाचा. शब्द मला आठवतच होते. आवाज आठवत नव्हता. तो ऐकू आला तेव्हा कळले की मला राग त्याच्या नापास होण्याचा नव्हता. गॅलरीत चौघी उभ्या आहेत आणि त्या काय म्हणतील, याची ती भीती होती. पोराला मी त्या चौघींच्या पायांवर घातले. दुपारी आचार्याबाईंकडे गेले आणि म्हटले, मला घरी जायचे आहे. त्यांनी कारण विचारले नाही. "इतके बसलात, आजचा दिवस बसा, उद्या बोलू," एवढेच म्हणाल्या. मी बसले. धडधड वाढली, मग उतरली. किती वेळाने ते सांगता येणार नाही. उतरली एवढे खरे, आणि मी तिला उतरवली नव्हती.

दहाव्या दिवशी मौन सुटले आणि जो कलकलाट झाला तो आपल्या मंडळाच्या सहलीलाही होत नाही! दान ज्याला जे द्यायचे ते त्या वेळी. मी दोरे कापण्याचे साठवलेले होते त्यातले दिले. आधीच्या कोणा बाईच्या दानातून मी दहा दिवस जेवले, माझ्यातून पुढची जेवेल, अशी ती रीत आहे.

घरी आल्यावर सगळे छान झाले असे तुम्हांला वाटले असेल. तसे काही झाले नाही. तिथे सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. आमच्या दोन खोल्यांत! ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात माउलींनी अभ्यासाची जागा कशी असावी ते किती सुरेख वर्णिले आहे. माझी जागा लोखंडी कपाट आणि पाण्याचे पिंप यांच्यामध्ये, अडीच फूट. आठवडाभर तास जमला, मग अर्धा तास, मग पाहुणे आले आणि सगळेच सुटले. दुपारी काही दिवस शिवमंदिरात जाऊन बसून पाहिले. आपले हे मंदिर १०६० सालचे. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली जावे लागते आणि वर छप्पर नसल्याने आभाळ दिसते. जागा थंड व शांत. पण तिथे ओळखीच्या इतक्या भेटत की ध्यानापेक्षा गप्पाच जास्त होत.

शेवटी दहा मिनिटांवर आले. नळाला पाणी यायच्या आधी दहा मिनिटे, सगळे निजलेले असताना. ही दहा मिनिटे मात्र सुटली नाहीत. नंतर हरिपाठ. दोहोंची सरमिसळ करीत नाही आणि दोघांचे भांडणही लावीत नाही.

थोरल्याशी मी बोलायला गेले. म्हटले, त्या दिवशी मी बोलले ते चुकले. तो म्हणाला, "आता काय त्याचे," आणि बाहेर गेला. मी खिडकीत उभी राहिले. वाईट वाटले, पण त्याच्यामागे ओरडत गेले नाही. पूर्वी गेले असते.

मग २०१९ च्या जुलैतला तो पूर. माझ्या जाऊबाई बदलापूरला पश्चिमेला, नदीच्या बाजूला, तळमजल्यावर राहतात. पुतणीच्या बाळाचे बारसे शनिवारी, २७ तारखेला होते, म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळीच मदतीला गेले. रात्रभर पाऊस कोसळत होता. पहाटे मी सवयीने उठून बसले आणि सतरंजी ओली लागली. उल्हास नदी दारात आली होती. वीज मी बंद केली. जाऊबाई धान्याच्या डब्यांना मिठी मारून रडत होत्या, पुतणी उभीच राहिली होती. माझेही पाय लटलट कापत होते; मी शूर नाही. पण कापताहेत हे मला दिसत होते. चार श्वास पाहिले, तेवढीच फुरसत होती. मग बाळ उचलले आणि म्हटले, डबे राहू द्या, आधी वर चला. वरच्या मजल्यावरच्यांनी दार उघडून घेतले. आम्ही वर पोचलो आणि थोड्या वेळाने पाणी खिडकीला लागले. त्याच दिवशी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून हजाराहून अधिक उतारू बोटींनी काढावे लागले, ते तुम्हांला आठवत असेल. सबंध दिवस मी ते बारा दिवसांचे पोर मांडीवर घेऊन जिन्यात बसले होते. मोबाईल बंद, घरी काय चालले असेल कळेना. मन धावे, बाळाचे पोट वरखाली होताना दिसे, तेच पाहत बसे.

संध्याकाळी पाणी उतरू लागले तेव्हा चिखलातून कोणी हाका मारीत आले. थोरला. अंबरनाथहून रुळांच्या कडेने चालत आला होता. हातात पाव आणि पाण्याच्या दोन बाटल्या. मला पाहिले आणि म्हणाला, "आई, बरी आहेस ना?" वर्ष झाले होते ती हाक ऐकून. मी म्हटले, "बरी आहे. आधी चपला धू."

हे ध्यानामुळे झाले असे मी म्हणणार नाही. तो पुरामुळे आला, आणि तो मुळात चांगला आहे म्हणून आला. पुढे बारावी सुटली, आता तो गाड्यांच्या दुरुस्तीचे काम करतो. आमच्यात अजून खटके उडतात. ध्यानाला तो काही बसत नाही. म्हणतो, मला झोप नीट लागते.

एक गोष्ट चिटणीसबाईंनी गाळा म्हटली तरी मी गाळणार नाही. नव्या उत्साहात माझ्या ओळखीच्या एका बाईंना मी म्हटले होते, "गोळ्या कशाला घेता? श्वास पाहा." त्यांना मनाच्या आजारावरच्या गोळ्या होत्या, हे मला ठाऊक होते. त्यांनी आठ दिवस बंद केल्या आणि त्यांचे फार हाल झाले. त्यांचे यजमान माझ्या दारात येऊन बोलले ते सगळे मी ऐकून घेतले, कारण ते खरे होते. शिबिराच्या अर्जातही मनाचा आजार असल्यास स्पष्ट लिहा असे विचारतात, ते खरे लिहावे. औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नयेत. त्या बाई आता बऱ्या आहेत, पण त्या मला हाक मारतात तेव्हा आजही माझी मान खाली जाते.

झोप आता येते का? बहुतेक रात्री येते. नाही आली तर पडल्या पडल्या श्वास पाहते, सकाळ होतेच. सासूबाई अजून बगळा म्हणतात, पण परवा कोणी दारात आले तर मी त्यांना म्हणताना ऐकले, "हळू बोला, ती बसली आहे. कुकर मी बघते."

ज्यांना श्वासाचे तेवढे करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी अध्यक्षाबाईंनी मंगळवारी साडेतीनला मंडळाची खोली उघडी ठेवण्याचे कबूल केले आहे. दहाच मिनिटे बसू. मी शिकवणार नाही, शेजारी बसेन. येताना आपापली सतरंजी आणावी, खुर्च्या चारच आहेत त्या गुडघेवाल्या भगिनींसाठी राखल्या आहेत. आणि उशीर करू नये, कारण पावणेचारला शेजारच्या घरात मिक्सर सुरू होतो.